मिठाची बरणी आणि मागची खिडकी

अण्णा, आज शेवगावात सकाळपासून आभाळ भरून आलंय, पण पाऊस नाही. वारा पडलाय, शर्ट पाठीला चिकटलाय, आणि मला तुम्हाला एकच विचारायचंय. मीठ बघून कूलर चालवायचं तुम्ही कुठं शिकलात?

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होतो. आता त्याच मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, तुमच्याच स्टुलावर बसतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. सरांशी भांडून वर्गातून उठलो तो परत गेलोच नाही. शेठ म्हणतात, "बापाचं डोकं न्हाई घेतलं, नुसतं स्टूल घेतलं."

मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. मे संपत आलेला. तुम्ही दुकानातून येता, हातपाय धुता आणि पाणी पिण्याआधी मिठाची बरणी उघडता. चिमटीत मीठ चोळून बघता. सुटं असलं तर कूलरचा पंप चालू. ओलसर लागलं तर पंप बंद, नुसता पंखा. आई ओरडते, "आवो, हात तरी पुसा, मिठाचं पानी कराल!" आणि पत्र्याच्या खोलीची मागची खिडकी तुम्ही कायम वीतभर उघडी ठेवायचात. गार हवा बाहेर चाललीय म्हणून मी एकदा रागानं ती धाडकन लावली, काच तडकली. तुम्ही मारलं नाही. "हवा काय कोंबडी हाय का, डालून ठेवायला? आत आली तर तिला भाईर जायला वाट नको व्हय?" एवढंच म्हणालात. मी दिवसभर फुगून बसलो.

आता खरं सांगतो. कॉलेजात एक मुलगी होती. म्हणजे आहे, ती अजून शिकते, मी नाही. गेल्या आठवड्यात तिच्या घरून दुकानात तक्रार आली. कूलर नवा, तरी खोलीत नुसती चिकचिक, आणि तिची परीक्षा चार दिवसांवर. मी पळतच गेलो. पहिल्यांदा कूलरचं गवत बदललं. दुसऱ्यांदा मोठा पंप बसवला, म्हणजे आणखी पाणी. तिसऱ्यांदा गेलो तर तिच्या वहीची पानंसुद्धा मऊ पडलेली, आणि ती गळ्यात टॉवेल टाकून पाठ करत बसलेली. तिचे वडील म्हणाले, "कॉलेज अर्ध्यात सोडलं, आता कूलर बी अर्ध्यात सोडतो का?"

माझं डोकं फिरलं. पाना फरशीवर आपटला. "मग बोलवा दुसरा!" म्हणून जिना उतरलो. खाली तिची आई ताटं वाढत होती, आणि बरणीतला मिठाचा गोळा चमच्यानं फोडत होती.

मी तिथंच थांबलो. हवेतच एवढं पाणी, आणि मी वर आणखी ओतत होतो. परत वर गेलो, पंप बंद केला, आणि गार हवा जाऊ नये म्हणून त्यांनी पुठ्ठा लावून बंद केलेली कूलरच्या समोरची खिडकी उघडली. दहा मिनिटांत तिच्या कपाळाला चिकटलेले केस सुटे झाले. तिचे वडील खुर्ची ओढून पंख्यासमोर बसले.

"एवढंच होतं? मग तीनदा कशाला आलास?" ती हसली. माझे कान तापले.

अण्णा, तुम्ही चौथी शिकलेले. तुम्हाला हे कुणी सांगितलं? की अशाच एखाद्या दुपारी जेवताना ओलं मीठ हाताला लागलं आणि तुम्हीही माझ्यासारखे थांबलात? त्याआधी किती उन्हाळे आपण उगाच चिकचिकीत काढले? आईला विचारलं तर ती म्हणते, "त्यान्लाच इचार." म्हणून हे लिहिलं. टाकणार कुठं, तुमच्या जुन्या पान्यांच्या डब्यात ठेवतो.

एक राहिलं. निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "खरंच, कुणी शिकवलं रे हे?" इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्याकडे तशी बघत होती. मी म्हणालो, "कुणी नाही. माझं मीच शोधलं."