वर्गनियंत्रणाचे दहा गुण

प्रिय मयूरी,

पत्र बघून दचकली असशील. सकाळ-संध्याकाळ फोनवर बोलणारी आई एकदम कागद-पेन घेऊन का बसली, असं वाटलं असेल. पण फोनवर तू मला धड बोलू देतेस कुठं? माझा सूर जरा खाली गेला की तुझं सुरू होतं, "आई, बीपीची गोळी घेतलीस का?" आणि मागून धवल "आजी, आजी" करत फोन ओढतो. मग माझं सगळं अवसान गळतं. म्हणून लिहितेय. घरात कुणी नसताना वाच. जावईबापूंना नंतर दाखवलंस तरी चालेल. किंबहुना दाखवच.

तू गेल्या आठवड्यात विचारलंस ते डोक्यातून जात नाही. एक तारखेपासून तुझी नोकरी पुन्हा सुरू होतेय, धवल सव्वातीन वर्षांचा, आणि मी या महिनाअखेर निवृत्त. "साताऱ्यात एकटी काय भिंतींशी बोलत बसणार? सांगलीला ये, धवलला सांभाळ. शिक्षकांना शिकवणारी आजी कुणाच्या नशिबात असते?" असं म्हणालीस. खोटं कशाला बोलू, त्याच दिवशी मी माळ्यावरून बॅग खाली काढली. तुझे बाबा गेल्यापासून चार वर्षं या घरात कुकरची शिट्टी सोडली तर माझ्याशी कुणी बोलत नाही. जीव नुसता तुमच्याकडे लागलाय. तरी मी "बघते, सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. तुला राग आला असेल. पण त्या आधी मंगळवारी काय झालं ते तुला ठाऊक नाही.

मंगळवारी मेढ्याच्या एका शाळेत माझं शेवटचं पाठनिरीक्षण होतं. चौतीस वर्षं मी हेच केलं. बी.एड.च्या पोरापोरींनी वर्गावर उभं राहायचं आणि मी शेवटच्या बाकावर बसून गुण द्यायचे. प्रस्तावना कशी केली, प्रश्न कसे विचारले, फळा कसा लिहिला, वर्ग ताब्यात होता का. प्रत्येकाला दहापैकी. हजारो पाठ पाहिले असतील. मुलं मला मागं "वाघीण" म्हणतात हे मला माहीत आहे, आणि आजवर त्याचा मला अभिमानच होता.

पाठ शिवतेजचा होता. कडेगावकडचा पोरगा, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सहा फूट उंच, आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं. यंदाच्या वर्गातला माझा सगळ्यांत लाडका. आठवीचा वर्ग, विषय वर्तुळ. फळ्यावर लाकडी कंपासनं त्यानं असं वर्तुळ काढलं की मी प्रस्तावनेलाच नऊ देऊन टाकले. मग प्रश्न सुरू झाले. प्रश्न विचारला की वर्गातले झाडून सगळे हात वर. एकही खाली नाही. आणि त्यानं ज्याला उठवावं त्याचं उत्तर बरोबर.

मला मनातल्या मनात हसू आलं. आमच्या धंद्यातली ही जुनी लबाडी आहे गं. आदल्या दिवशी वर्गात जाऊन पोरांना पढवून ठेवायचं, की उद्या बाई येणार आहेत, सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बघणाऱ्याला वाटावं वर्ग काय हुशार आहे, आणि शिकवणाऱ्यानं फक्त उजवेवाले उठवायचे. मीही माझ्या वेळी वाईला हेच करून पहिली आले होते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. म्हटलं चालू दे, पोराला नोकरी लागायची आहे.

"वर्तुळातली सगळ्यांत मोठी जीवा कोणती?" शिवतेजनं विचारलं. तिसऱ्या बाकावरच्या शंभूराज नावाच्या बारक्या पोराचा उजवा हात वर होता. शिवतेजनं त्याला उठवलं. पोरगं उभं राहिलं आणि गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. शिवतेज दात आवळून म्हणाला, "येत नाही तर हा हात कशाला वर केलास?" तसं पोरगं अगदी सरळपणानं म्हणालं, "सर, तुमीच सांगितलं व्हतं काल. येत आसंल तर लिवायचा हात वर करायचा, न्हाई येत तर दुसरा. मी डाव्या हातानं लिवतो." म्हणजे शिवतेजनं उजवा-डावा असं न सांगता लिहायचा हात असं सांगितलं होतं, आणि त्या डावखुऱ्या पोरानं सांगितल्याबरहुकूम केलं होतं. सगळा वर्ग खदखदून हसला. मीही हसले. ते माझं हसणं शिवतेजनं पाहिलं.

त्यानं टेबलावरचा तो लाकडी कंपास उचलला. हातभर लांब, जाड, एका टोकाला लोखंडी खिळा. "ठेव तुझा लिहायचा हात बाकावर," म्हणाला. पोरानं डावा हात ठेवला. पहिला फटका बोटांच्या पेरांवर बसला आणि वर्गातलं हसू जागच्या जागी थिजलं. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मयूरी, त्या वेळी माझं पेन गुणपत्रकातल्या "वर्गनियंत्रण" या रकान्यावर होतं. शांतता झाली, आणि माझ्या हातानं सवयीनं तिथं दहा लिहिले. दहापैकी दहा. आजवर कुणाला दिले नव्हते. दुसरा फटका बसला तेव्हा मी त्या आकड्याखाली रेघ मारत होते. तिसऱ्याला काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि पोरगं किंचाळलं. चौथ्याला खिळा लागून रक्ताचा ओघळ बाकावरून त्याच्या वहीवर उतरला. तेव्हा कुठं मी मान वर केली.

मी उठले ते आठवतं. बाकांमधून कशी गेले ते आठवत नाही. कंपास शिवतेजच्या हातातून हिसकला आणि त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. त्यानं चेहरा झाकला तशी डोक्याचे केस धरून त्याला फळ्यावर आपटलं. "पोराला मारतोस? पोराला मारतोस?" असं ओरडत होते आणि शब्दागणिक एक फटका. कानावर, मानेवर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं. तो सहा फुटी गडी. मला एका हातानं बाजूला सारलं असतं. पण हात मागं बांधून, मान खाली घालून उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. त्यानं प्रतिकार केला नाही म्हणून मला अजून चेव आला. पांढऱ्या शर्टावर रक्त, त्याच्या नाकातून रक्त, माझ्या पदरावर रक्त. मुली रडत दाराकडे पळाल्या. शेवटी केरबा शिपायानं मागून माझे दोन्ही दंड धरले. आणि बोटं मोडलेला तो शंभूराज बाकाखालून म्हणत होता, "बास करा बाई, सरांस्नी मारू नका."

आता जे लिहिते ते कुणाला सांगितलेलं नाही. मला वाईट वाटत नव्हतं. मला बरं वाटत होतं. अंगातून काहीतरी मोकळं होत होतं, आणि ते थांबू नये असं वाटत होतं. केरबानं धरलं नसतं तर मी थांबले नसते.

दवाखान्यात शंभूराजच्या दोन बोटांना प्लॅस्टर आणि शिवतेजच्या भुवईला पाच टाके. पोराची आई शेतातून तशीच चिखलाच्या पायांनी आली. रडली, आणि मला म्हणाली, "आवं बाई, मारायचं तर मारायचं, मास्तर हाय त्यो. पर हात न्हाई वो मोडायचा." आणि शिवतेज. डॉक्टरनं विचारलं कसं लागलं, तर पठ्ठ्या म्हणतो, "पायरीवरून घसरलो." मी समोर उभी आणि तो सहज खोटं बोलला. बाहेर आल्यावर माझ्या पाया पडला. "तुमचं काय चुकलं न्हाई बाई. आमच्या अण्णांनी बी असंच वळण लावलंय, म्हणून तर हितवर आलो." मी पाय मागं ओढून घेतले.

कारण ती पायरी माझ्या ओळखीची होती. तू चौथीत होतीस. सतराचा पाढा. सतरा सातेला अडखळलीस, आणि माझ्या हातात स्टीलची पट्टी होती, आडवी नाही, धारेवर धरलेली. तुझ्या कपाळावर अजून आहे ती खूण. डॉक्टरकडे जाताना रिक्षात मी तुला काही शिकवलं नव्हतं गं. तू आपण होऊन म्हणालीस, "पायरीवरून पडले." नऊ वर्षांची होतीस. मी मनात म्हटलं, किती समजूतदार आहे माझी पोर! त्याच्या आधी लाटणं होतं, त्याच्या नंतर पट्टा. दहावीत तुझं डोकं न्हाणीच्या भिंतीवर आपटलं होतं मी, दोन गुण कमी पडले म्हणून. तुझे बाबा काय करायचे? चप्पल घालून फिरायला जायचे. लोक म्हणायचे, नारायणराव म्हणजे देवमाणूस! तासाभरानं परत यायचे तुझ्यासाठी पेढे घेऊन. मी म्हणायचे, छडी लागली म्हणून तर पोरगी इंजिनियर झाली. सगळ्या साताऱ्यात सांगत फिरले. तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस, आणि मी समजले की तू विसरलीस. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस, तेव्हा मी पोळीला तूप लावायला हात पुढं केला तर तू मान मागं घेतलीस. मी ते पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

कॉलेजात काय झालं तेही सांगते. प्राचार्य सुमंतसरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "चारुशीलाबाई, वीस दिवस राहिलेत तुमचे. शिवतेज घसरला, पोरगं पडलं. गुणपत्रक कोरं द्या, मी बघतो." माणूस वाईट नाही, पण झाकली मूठ ठेवण्यात आमचं सगळ्यांचं आयुष्य गेलं. मी पत्रक कोरं दिलं नाही. वर्गनियंत्रणाच्या दहाला काट मारून शून्य केलं आणि मागच्या बाजूला सगळं लिहिलं. शिवतेजनं काय केलं, आणि मी काय केलं. चार फटक्यांपर्यंत मी बसून होते हेही लिहिलं. काल मेढ्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन तोच जबाब दिला. चौकशी लागेल, निवृत्तीचा निरोपसमारंभ रद्द झाला. झाला तर झाला. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. शिवतेज मात्र माझ्याशी बोलत नाही आता. जबाब दिला तेव्हा त्याला पहिल्यांदा माझा राग आला, मारलं तेव्हा नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तू म्हणशील, आई, झालं ते झालं, कबूल केलंस ना, आता ये. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून खरं ते शेवटी लिहिते. दिवाळीत तुम्ही दोघं राजवाड्याच्या बाजारात खरेदीला गेलात, तेव्हा धवल तासभर माझ्यापाशी होता. मी त्याला आकडे शिकवत होते. तो पाच, सहा म्हणायचा आणि एकदम आठ. सात म्हण, सांगितलं, की हसायचा आणि पुन्हा आठ. त्याला तो खेळ वाटत होता. सहाव्यांदा हसला तेव्हा मी त्याचा दंड पिरगाळला, आणि तो रडतोय म्हणून तोंड दाबून पाठीत तीन रट्टे घातले. तो गप्प झाला, आणि मला बरं वाटलं. तू आलीस, दंड काळानिळा दिसला, तेव्हा मी सांगितलं की पलंगाच्या दांड्यात अडकला होता. तू त्याला मलम लावलंस आणि आई घाबरली असेल म्हणून मलाच पाणी आणून दिलंस. मयूरी, तो कुठंही अडकला नव्हता. मी सांगलीला येणार नाही. चांगलं पाळणाघर बघ. आणि पुढं कधी मी रडले, गयावया केली, एकटेपणाचं कारण सांगितलं, अचानक बसमधून उतरून तुझ्या दारात उभी राहिले, तरी त्याला माझ्याजवळ एकटा ठेवून पाच मिनिटंसुद्धा बाहेर जाऊ नकोस.

तुझीच,
आई