वरच्या निवाऱ्यात बसलेल्या घोरपडीस

दि. १२ ऑक्टोबर, दुपार

चि. घोरपडीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तिकडे तूही ठीक असशील, कारण निवाऱ्यात भांडी घासताना कुणी दरीत पडल्याचं अजून ऐकिवात नाही. पत्र तुझा बाप लिहितोय. मला अक्षर कळत नाही हे त्याच्या सोयीचं आहे, पण लेखणी कुठे थांबते ते मला ऐकू येतं. तेव्हा गाळागाळ चालायची नाही.

माझं म्हणशील तर मी माडीवर कैदेत आहे. पाय घसरल्यापासून तुझ्या बापाचा हुकूम, जिना उतरायचा नाही. जन्मात टेकडी न चढलेल्या, धापा टाकणाऱ्या पाहुण्यांना हा माणूस दोर बांधून शिखरावर नेऊन आणतो आणि सख्ख्या आईला अंगणात उतरवायला घाबरतो! काल म्हटलं, "अरे, मलाही बांध की दोर." तर म्हणतो, "आई, पाहुणे सांगितलेलं ऐकतात."

बोलला आणि स्वतःच जीभ चावली.

खिडकीतून मला अंगण दिसतं. तू गेल्यापासून हा एकाही मोहिमेवर गेलेला नाही. पाहुणे दुसऱ्या गाईडांकडे सोपवले. रोज दोर उन्हात काढतो, बोटांतून सरकवत कुठे झिजलाय का बघतो, गुंडाळतो, पुन्हा सोडतो. दोर बिचारा या तपासणीनेच झिजेल. म्हणजे बघ, एकाच घरातली तिघं तीन उंचींवर अडकलोय. मी माडीवर, हा अंगणात आणि तू त्या बर्फात.

बरं. दातांचा डॉक्टर आला होता. हो, तोच, तुझा पाहुणा.

(इथे लेखणी थांबली. लिही रे.)

जिना चढून वर आला. चहा डाव्या हाताने घेतला. बर्फाने उजव्या हाताची तीन बोटं गेली, हे तुला कळलं असेलच. आता दात काढणं जमणार नाही म्हणाला. मग सांगायला लागला, "परतायची वेळ ठरलेली होती. ती झाली तेव्हा तिने सांगितलं, फिरू या. शिखर समोर दिसत होतं. मी हातापाया पडलो आणि तिने माझं ऐकलं. आजी, तिने ऐकायला नको होतं. याचसाठी गाईड घेतो ना आपण?"

मी म्हटलं, "मला कशाला सांगतोस? मी नेलं होतं का तुला?"

पोरी, तो रागावलाय. गोड बोलून तुला खाली बोलावणार नाही मी. राग थोडा स्वतःवर, थोडा तुझ्यावर. कुणावर किती ते मी तोलून पाहिलं नाही. येत्या रविवारी पट्टी बदलून पुन्हा येणार आहे, तुला तोंडावर बोलायला. आणि तुझं चुकलंच. नातीचं म्हणून मी पदराखाली झाकणार नाही. पण ज्याच्यासाठी चुकलीस त्याला दोराला धरून एकेक पाऊल जिवंत खाली आणलंस, हेही झाकणार नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात डोंगरावरून कुणी परतलं की पहिला प्रश्न एकच, "सगळे आलात ना?" शिखर झालं की नाही, ते चहानंतर. तुझ्या आजोबांनी आयुष्यभर हेच विचारलं. तू डॉक्टरला घेऊन उतरलीस त्या दिवशी मात्र भर अंगणात, सगळ्यांसमोर, तुझ्या बापाने तुला विचारलं, "किती वाजता फिरलात?" तू वेळ सांगितलीस. पाठीवरची पिशवीही न उतरवता आल्या पावली वर निघून गेलीस. मी खिडकीत होते.

(लेखणी थांबून बराच वेळ झाला. मला कुठे जायचंय? बसलेय.)

आता म्हणतो, "आई, मी मुख्य गाईड म्हणून विचारलं."

म्हटलं, "मग बाप त्या वेळी कुठे गेला होता?"

नाक ओढतोय. सर्दी असेल.

हे पत्र आणणारा खेचरवाला यंदाची शेवटची फेरी करतोय. त्यानंतर वाट बर्फाखाली जाईल आणि हिवाळाभर तुला तिथेच कोंडून घ्यावं लागेल. त्याच्याबरोबर उतर. रविवारी डॉक्टर बोलेल ते ऐकून घे. मध्ये सफाई देऊ नकोस, रडू आलं तर रड. मी शेजारी बसेन. कुणाचा राग ऐकून कुणी मेलेलं नाही. न ऐकता कोंडून बसलेली मात्र मी पाहतेय, एक वर, एक समोर.

तुझा बाप विचारतोय, "अर्ध्या वाटेपर्यंत मी घ्यायला येईन, असं लिहू का?" मी म्हटलं, मला काय विचारतोस? कागद तुझा, शाई तुझी, मुलगी तुझी.

लिहिलंय म्हणतो. मला वाचता येत नाही. तू बघ आणि त्याने खरंच लिहिलंय का, ते मला येऊन सांग.

उतरताना घाई करू नकोस. पण उतर.

तुझी,
आजी