रकाना सात : नाणे कोणाकडून आले

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
फॉर्मला स्टेपलरची पिन उजव्या कोपऱ्यात मारली आहे. उजव्या! देवनागरी डावीकडून सुरू होते हे ज्यांना ठाऊक नाही, ते जळगावात प्राचीन नाण्यांचं प्रदर्शन भरवणार. पान उलटताना पिन अंगठ्याला लागली. रक्त आलं नाही. येऊ शकलं असतं.

रात्री ९.
फॉर्म वाचला. रकाना सात: 'नाणे आपणाकडे कोठून, कोणाकडून, केव्हा आले?' हे प्रदर्शन आहे की पोलीस ठाणे? मंडळाचे अध्यक्ष अभयकुमार शेठ. जन्मभर कापड मोजलं, आता इतिहास मोजतात. मी तीस वर्षं धुळ्यात संस्कृत शिकवतो. माझ्या शब्दावर विश्वास नाही! रकाना कोरा ठेवायचा. ठरलं.

४ नोव्हेंबर.
ही वही कोणी वाचत नाही, म्हणून नोंद करून ठेवतो. प्रदर्शनाला द्यायचं हे क्षत्रप राजांचं चांदीचं नाणं आईच्या पोवळ्यांच्या माळेत होतं. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. तेराव्याच्या दिवशी थोरली बहीण अक्का स्वयंपाकघरात होती. माळ फडताळात होती. मी नेलकटरनं दोरा कापून नाणं सुरक्षित स्थळी हलवलं. याला संवर्धन म्हणतात. पुढे रुपचंद सोनाराकडून त्याची कडी काढून कड घासून घेतली. नाण्याला कडी म्हणजे पंडिताला वेसण.
माळ सुनंदाची, म्हणजे अक्काची, असं आई म्हणायची खरी. पण आईला नाणेशास्त्र येत नव्हतं.
अक्काला सांगणार होतो. सवड झाली नाही.

७ नोव्हेंबर.
फॉर्म परत. शेठचा फोन. म्हणे, सर, सात नंबर राहिला. मी म्हटलं, नाणं स्वतःच बोलतं. त्यावर 'राज्ञो महाक्षत्रपस' असं कोरलंय, राजा कोणाचा मुलगा तेही लिहिलंय. तर म्हणे, ते राजाचं झालं, सर. राजानं बापाचं नाव सांगितलं. तुम्ही तुमचं सांगा ना.
उद्धट माणूस. आवाज मात्र गोड. अशांचा जास्त राग येतो.

९ नोव्हेंबर.
लिहिलं: 'सोनगीर किल्ल्याच्या पायथ्याशी, १९९८ साली, भ्रमंती करताना.' भारदस्त वाटतं. दिपमालेला वाचून दाखवलं. तीस वर्षं संसार केलेली बायको म्हणते, तुम्ही सोनगीरला उतरलात कधी? एसटी थांबली तेव्हा वडापाव खाल्लात तेवढंच. बायकोला कल्पनाशक्ती नाही.

१२ नोव्हेंबर.
शेठ म्हणतात, जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं होतं का? तसा कायदा आहे म्हणे, १८७८चा. इंग्रज गेले, कायदा अभयकुमारांच्या खिशात ठेवून गेले. सोनगीर खोडलं. पायथ्यासकट.

१३ नोव्हेंबर.
लिहिलं: 'चाळीसगावच्या बाजारात एका भांडीवाल्याकडून विकत.' भांडीवाल्याला कायदा लागत नाही. उद्या नाणं घेऊन स्वतः जळगावला जातो. समोरासमोर बोललं की हा शेठ गप्प बसेल.

१४ नोव्हेंबर.
गप्प बसला नाही. भिंग लावलं. कापडातला एक उसवलेला धागा शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस. कडेवर बोट ठेवून म्हणाला, सर, इथे सोनारानं जोडाचा डाग दिलेला होता. कडी होती याला. कोणाच्या तरी गळ्यात होतं. कोणी घासलं हे?
मी म्हटलं, भांडीवाल्यानं.
भिंग खाली ठेवलं. मग म्हणे, वाईट केलं त्यानं. कडीसकट असतं तर मी पहिल्या काचेत मांडलं असतं. सतराअठराशे वर्षांपूर्वीचा राजा आपल्या खान्देशातल्या बाईच्या गळ्यात कसा आला, हेच तर लोकांना बघायचंय. निव्वळ नाणी माझ्याकडे डबाभर पडलीत. त्या बाईचं नाव मिळालं तर बघा.
चहा पाजला. पिताना तोंड भाजलं. त्याचाही दोष त्यांचाच.

१७ नोव्हेंबर.
मोठ्या मनानं सत्याचा अंगीकार करायचं ठरवलं. 'आईकडून, वारसाहक्काने.' पूर्ण सत्य. जवळजवळ.

१९ नोव्हेंबर.
शेठना फार आनंद झाला म्हणे. फक्त, बहीणभाऊ असतील तर त्यांची सही आणा. मंडळाचा नियम.
हा नियम त्यांनी आज सकाळी दात घासताना केला असणार.

२२ नोव्हेंबर.
योजना पक्की. उद्या चाळीसगावला अक्काकडे. कागद असा दुमडायचा की फक्त सहीची रेघ दिसेल. शाळेचं काम आहे म्हणायचं. अक्का चौथी शिकलेली. दहा मिनिटांचं काम. नाणं बरोबर ठेवतो. घरी सोडवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. रात्री.
अक्कानं आधी जेवायला वाढलं. कळण्याची भाकरी, ठेचा. मग चष्मा लावला आणि कागद उलगडला. पूर्ण. एकेक अक्षर लावत वाचला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.
म्हणाली, यात आईचं नाव आहे, पण आईला कोणी दिलं ते नाही. लिही. मी लिहिलं. आजी ताईबाई हिनं आईला दिलं, अक्का जन्मली त्या दिवशी. मुलगी झाली म्हणून घरात सगळे तोंड पाडून बसले होते, तेव्हा आजीनं आपल्या गळ्यातलं काढून बाळंतिणीच्या उशाशी ठेवलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी लिपीतज्ज्ञ.
मग सही केली आणि सहज म्हणाली, "माले त्याच दिन मालूम पडनं व्हतं रे, चुडामण. तू सांगशी असं वाटनं माले." कापलेला दोरा तिनंच तेव्हा गाठ मारून जोडला होता.
एवढंच. परत मागितलं नाही. बरोबर लोणच्याची बरणी दिली.

२४ नोव्हेंबर. पहाटे.
झोप नाही. शेठचा राग करून पाहिला, येत नाही. अकरा भाऊबीजांना अक्कानं मला ओवाळलं, आणि दर वेळी तिला माहीत होतं.
काल नाणं माझ्या शर्टाच्या खिशात होतं. ती बोलत होती तेव्हा दोनदा हात खिशापाशी गेला. काढलं नाही. खरी भीती हीच आहे, की पुन्हा जाईन तेव्हाही मी ते काढणार नाही.