काढलेल्या कड्या

ल सँतिये, १४ नोव्हेंबर १९८३

प्रिय रेमों,

तू आणि घरची मंडळी बरी असाल. इथे पहिला बर्फ पडून गेला. सरपण भरून झालंय. शेजारच्या ओदीलची गाय व्यायली, तिचंच कौतुक चाललंय सगळीकडे. मला घड्याळाच्या कारखान्यातून कमी केलं त्याला दीड वर्ष झालं. हल्ली दुपारी बेकरीत बसते. पाव ताजा मिळतो, एवढंच.

बाबांचं घड्याळ तुला आठवत असेल. निवृत्तीला कारखान्याने दिलेलं. सोन्याच्या मोलाचं स्टील म्हणून गाव हसलं होतं. पण त्याचा स्टीलचा पट्टा बाबांनी स्वतः घासून घडवलेला, घड्याळाच्या अंगातूनच निघाल्यासारखा. दुसरा पट्टा त्याला चालत नाही, आणि सैल झाला तर टोकाकडच्या चारच कड्या काढता येतात.

मार्चमध्ये बाबा म्हणाले, "एलियान, एक कडी काढ गं. सटकतंय." मी काढली. मेमध्ये दुसरी. ऑगस्टमध्ये दोन. त्यांना पोटाचा आजार आहे, रेमों. बरा होणारा नाही. तुला हे माहीत नाही, कारण मी कळवलंच नाही.

दर कडीला ते विचारायचे, "रेमोंला लिहिलंस?"

"लिहिलं की."

"मग? काय म्हणतो?"

"कामात आहे म्हणतो."

"बॅटरीच्या घड्याळाला कसलं आलंय एवढं काम!" असं म्हणून हसायचे. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मला तुझा राग होता. बॅटरीच्या घड्याळांपायी इथली माणसं कामावरून निघून घरी बसत होती, तेव्हा तू बिएन शहरात त्याच बॅटरीवाल्यांकडे नोकरीला गेलास, आणि बाबा मलाच ऐकवत राहिले की पोरगं हुशार निघालं. धुणं, पथ्य, औषधं माझ्या वाट्याला आणि कौतुक तुझ्या. म्हटलं, एकदा त्यांनाही कळू दे कोण जवळ आहे ते. आजारी माणसावर मी असा सूड उगवला.

गेल्या रविवारी घड्याळ त्यांच्या हातातून सूपच्या वाडग्यात पडलं. आता काढायला कडी उरली नव्हती. मी ते पुसलं, तर म्हणाले, "राहू दे. सगळ्या कड्या परत बसव. रेमोंचं मनगट माझ्यासारखंच आहे." तू येत नाहीस असं समजूनही ते तुझंच माप धरून होते. ते हाताच्या हालचालीवर चालतं, हातात नसलं की दोन दिवसांत बंद पडतं, म्हणून सध्या मीच घालते. माझ्या हातात ते पार कोपरापर्यंत जातं. बेकरीत लोक बघतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आज सकाळी मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पांघरूण सारून उठून बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्याने नाही म्हटलेलंच नाही?"

"नाही, बाबा."

"मग बस इथे आणि लिही. माझ्यासमोर. टपाल दोनला निघतं."

समोरच बसलेत. उशीला टेकून, दाढी करून. आत्ता तिसऱ्यांदा विचारलं, झालं का म्हणून.

डॉक्टर नाताळपर्यंतचीही खात्री देत नाहीत. पत्र मिळताच पहिल्या गाडीने नीघ. तुला मला जे सुनवायचं असेल ते दारात सुनावून घे, मी ऐकून घेईन. आत मात्र हसत ये.

आठ महिने तुला न बोलावलेली
तुझी बहीण,
एलियान