उरलेल्या गोळ्या

नाना, आज मला तुमचा फार राग आला आहे, आणि रागवायला तुम्हीच आता या जगात नाहीत म्हणून तो जास्तच आला आहे. आपलं मेडिकल धरणगावात कुठे होतं हे आता तिथल्या नव्या पोरांना सांगता येणार नाही. मला मात्र ते रोज दिसतं. शाळा सुटली की मी काउंटरच्या आत स्टुलावर अभ्यासाला बसते. दिवेलागणीला कापसाच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर येतात आणि बाकीची गिऱ्हाइकं पांगेपर्यंत खोकल्याच्या बाटल्या न्याहाळत उभे राहतात. परमा, तो गुप्तरोग, झालाय हे तुम्ही कुणाच्याही तोंडून कधी वदवून घेतलं नाहीत. समोरच्याची मान खाली गेली की मला चहा सांगायला आत पिटाळायचं, आणि पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून पुडीत बांधायच्या. आतून मला सगळं ऐकू यायचं. "बरं वाटनं का बंद करी टाक भाऊ, पोटमा गरमी करतस. उरन्यात ते मन्हाकडे आनी दे." उरलेल्या गोळ्या खरंच परत यायच्या. त्या तुम्ही औषध न परवडणाऱ्या एखाद्या हमालाला फुकट द्यायचात. सगळं गाव तुम्हाला देवमाणूस म्हणायचं. मीही म्हणायची.

आता मी, तुमची लेक, धुळ्यात याच रोगांची डॉक्टर आहे आणि तुम्ही जे करायचात ते करू नका, एवढंच दिवसभर सांगत असते. सांगून सांगून जीव विटला आहे. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढे पसरतात ते हेच. परम्याच्या जंतूंनी तर एकेक औषध पचवलं. ज्या गोळ्यांनी तुमचे ड्रायव्हर खडखडीत बरे व्हायचे, त्यांना ते आता दाद देत नाहीत. हे एकट्या तुमच्यामुळे झालं नाही, तुमच्यासारखी काउंटरं सगळीकडेच होती, हे मला कळतं. पण मला आठवतं ते तुमचंच.

या उन्हाळ्यात एक मुलगी आईला सोबत घेऊन आली. सासर जळगावचं, नवरा डाळ मिलमध्ये. ओटीपोट सारखं दुखतं आणि दिवस राहत नाहीत. सुनेला मूल होत नसेल तर इलाज माहेरच्यांनी करायचा, ही रीत तुम्हाला काय सांगायची! म्हणून नवऱ्याशिवायच तिला माहेरी, धुळ्याला धाडलं होतं. आधी कुठेतरी गोळ्या घेऊन झाल्या होत्या, गुण नव्हता. "बठ्ठा म्हनतस मन्हामाच खोट शे," ती म्हणाली, म्हणजे सगळे दोष तिलाच देत होते. मी तपासणी करून घेतली. परमाच निघाला. लॅबमध्ये बशीत वाढवलेले जंतू मी स्वतः जाऊन पाहिले. औषधात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती ते मरून मोकळी जागा पडायला हवी. गोळ्यांतल्या औषधांच्या चकत्यांना ते अगदी खेटून वाढले होते. एका इंजेक्शनच्या चकतीभोवती तेवढी जागा होती. ते मी तिला दिलं. पण नवऱ्याचा इलाज झाल्याशिवाय तिला सासरी पाठवणं म्हणजे तोच रोग पुन्हा घ्यायला पाठवणं.

तिला विचारून मी त्याला फोन केला. "इलाज तिना चालू शे ना? मी ते मेडिकलन्या गोळ्या खाद्यात, बरा व्हई गऊ," म्हणाला. मी चिडले, वाटेल ते बोलले. त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला तेव्हा माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "भाऊ, तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. मी विचारणारही नाही. फक्त या." आणि तो आला, नाना. दवाखाना रिकामा होईपर्यंत भिंतीवरची चित्रं बघत उभा राहिला. त्रास काही नव्हता, पण रोग अंगात होताच. इंजेक्शन घेऊन गेला. तुमच्या त्या न विचारण्याच्या रीतीने तो आला, याचाही मला रागच आला.

दोघांचेही जंतू गेले. पण एवढ्या महिन्यांत तिच्या गर्भनळ्या आतून सुजून चिकटल्या आहेत. एक पूर्ण बंद आहे, दुसरीचा भरवसा नाही. हा रिपोर्ट माझ्या हातात असतानाच तिने विचारलं, "आते मूल व्हई ना, बाई?" नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता.

हे लिहून कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. मी "होईल" म्हणाले. ती इतकी हसली की 'पण फार कठीण आहे' हे पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही. ते अजून सांगायचं राहिलंय, आणि मी तिला पुढची तारीख मुद्दाम लांबची दिली आहे.