सात देशांच्या फायली

बागबाजार, कोलकाता
१२ जून

प्रिय जान्हवी,

तुझं कुरिअर परवा मिळालं. आमसुलं आणि आगळाची बाटली दोन्ही धड पोचली. बाटलीला तू एवढ्या चिकटपट्ट्या गुंडाळल्या होत्यास की बाबांना सुरी घेऊन बसावं लागलं. काकूंना नमस्कार सांग. मालवणात आता बोटी वर ओढून झाल्या असतील. इथे नुसता घाम. मी बरी आहे, बाबाही बरे आहेत.

फोनवर तू विचारलंस, "देश ठरला का गं?" आणि मी विषय बदलला. तू रागावली असशील. नऊ वर्षं अंदमानात दुसऱ्यांच्या शाळेत स्कूबा शिकवल्यावर आपण ठरवलं की आता आपली शाळा काढायची, तीही परदेशात. बोट, सिलिंडर आणि माणसं तू बघायचीस, देश मी निवडायचा. तुझं काम कधीच झालं. माझं अजून चालूच आहे.

खरं सांगू, यात बाबांचा हात आहे. निर्यातदारांना विमा देणाऱ्या सरकारी कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. कुठल्या देशात पैसे बुडतील, कुठे नाही, याची टिपणं लिहिणं हेच काम. मी डिसेंबरात दुखावलेला कान घेऊन घरी आले आणि आपला बेत त्यांना सांगितला, तेव्हापासून जेवणाचं टेबल म्हणजे त्यांचं ऑफिस झालंय. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्यानं जेवतो. टेबलावर सात देशांच्या सात फायली.

थायलंडला कोलकात्याहून थेट विमान आहे, पण बेटावर पावलापावलाला शाळा, आणि कंपनीत मोठा वाटा तिथल्या माणसाचा लागतो. मालदीवमध्ये रिसॉर्टवाले बाहेरच्याला जवळ करत नाहीत. इजिप्तचं गिऱ्हाईक युरोपातलं. पोहता न येणाऱ्या, समुद्राला घाबरणाऱ्या आपल्या माणसांना आपल्या भाषेत शिकवायचं ही आपली कल्पना तिथे काय कामाची? ओमानचा उन्हाळा तू पाहिला आहेस. बालीत परवान्यांची भानगड. मॉरिशसला आपल्याकडून जातात ती बहुतेक नवी जोडपी, आणि ती पाच दिवसांत परत. श्रीलंकेत त्रिंकोमालीची जागा तू स्वतः बघून आलीस, मला मान्य आहे. पण कोलंबोहून रस्त्यानं सहा-सात तास, शिवाय हंगाम जेमतेम सहा महिन्यांचा. बाबांनी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारल्यात.

मी काही बोलायला गेले की म्हणतात, "घाई कशाला? अजून एक महिना बघू." असे सहा महिने झाले. आई गेल्यापासून ते संध्याकाळी सहालाच दाराला आतून कडी लावतात. शेजारच्या मासीमा जिन्यात भेटल्या की विचारतात, "आर जाबे ना?" म्हणजे आता जाणारच नाहीस का. मी हसते. मला वाटतं बाबांना मला इथेच ठेवायचंय, आणि ते एवढ्या पद्धतशीर ठेवतायत की भांडायलाही जागा नाही.

कान अजून पूर्ण बरा नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल.

तुझी,
विनीता

*

बागबाजार, कोलकाता
४ जुलै

प्रिय जान्हवी,

त्रिंकोमालीच्या जागेचा करार मिळाला. घरमालकाला पंधरा तारखेपर्यंत उत्तर हवंय, हेही वाचलं. फोनवर मला खोटं फार पटकन बोलता येतं, म्हणून पुन्हा पत्रच लिहिते. बसून वाच.

रविवारी करार बाबांच्या पुढ्यात ठेवला. ते वाचत होते, मी समोर उभी होते. शेवटचं पान उलटून म्हणाले, "भाडं डॉलरमध्ये आहे. जरा धोक्याचं."

माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्हाला मला इथे डांबून ठेवायचंय, बाबा. आई गेली, आता मी जाऊ नये म्हणून तुम्ही एकेक देश मारत चाललाय. सरळ सांगा ना, जाऊ नकोस म्हणून!"

ते रागावले नाहीत. उठले, कपाटातून एक आठवी फाइल काढली आणि माझ्या हातात दिली. त्यात एकच कागद होता. जानेवारीत मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते, त्या तपासणीचा. दोन्ही कान उत्तम, पाण्याखाली जायला हरकत नाही, असं खाली लिहिलेलं. बाबा तेव्हा बाहेर बाकावर बसले होते आणि मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं होतं, "सहा महिने विश्रांती सांगितलीय." कागद मी पर्समध्ये कोंबला होता. कधी पडला, कधी त्यांनी उचलला, मला पत्ता नाही.

"तुला जायचं नव्हतं," बाबा म्हणाले. "का ते तू सांगत नव्हतीस. मला वाटलं, तुला कारणं लागतायत, तर कारणं देऊ. ती काढायची मला सवय आहे."

"आणि फायली?"

"त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण असं कुठल्याही देशाबद्दल लिहिता येतं."

मी खाली बसले. विचारलं, "मी राहिले म्हणून तुम्हाला बरं वाटत होतं का?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हो. तेही आहे."

जान्हवी, माझ्या कानाला कधीच काही झालं नव्हतं.

नागपूरच्या सुधाताई आठवतात? छप्पन्न वर्षांच्या, पोहता येत नव्हतं, तीन दिवस माझ्या मागे लागून धीर गोळा केलेल्या. तू तेव्हा मालवणला गेली होतीस. चौदा डिसेंबरला मी त्यांना घेऊन खाली गेले. समुद्र शांत, पाणी स्वच्छ, सिलिंडर भरलेला. बारा मीटरवर त्यांना वाळूवर गुडघे टेकून बसवलं आणि अचानक मला श्वास पुरेना. हवा येत होती, पण छाती भरत नव्हती. आईला शेवटच्या दिवशी नळी लावली होती तेव्हा ती जशी तोंड उघडत होती, तसं काहीतरी माझं चाललं होतं. त्यांनी माझा हात धरला होता. मी तो झटकला आणि वर आले.

त्यांना तिथेच सोडून वर आले.

वर जाताना मी खाली पाहिलं. त्या हलल्या नव्हत्या. मीच शिकवलं होतं, काही झालं तरी जागचं हलायचं नाही, मी आहे. बोट सांभाळणाऱ्या विहंगनं वरून माझं तोंड पाहिलं आणि एक शब्द न विचारता उडी मारली. त्यानं त्यांना हाताला धरून वर आणलं, तेव्हा चार मिनिटं झाली होती. त्यानंच त्यांना सांगितलं, विनीताताईंचा कान दुखावला. ते मीही उचललं आणि तुलाही तेच सांगितलं. सुधाताईंनी मला मिठी मारली, म्हणाल्या, "तुम्ही येणार हे मला माहीत होतं. कानाची काळजी घ्या हो." संक्रांतीला, पाडव्याला त्यांचे निरोप आले. एकालाही मी उत्तर दिलेलं नाही.

हे तुझ्यापासून का लपवलं? तू समजून घेतलं असतंस म्हणून. समजून घेतलेलं मला झेपलं नसतं.

काल सकाळी हेदुआच्या पोहण्याच्या तलावावर गेले. बायकांची वेळ होती. शिकवणाऱ्या बाईंना मी कोण ते सांगितलं नाही. शिडी धरून खाली उतरले, डोकं बुडवलं. अकरापर्यंत मोजलं आणि वर येऊन कठड्याला अशी लटकले की दोघी-तिघी धावून आल्या. त्यांना वाटलं, मला पोहता येत नाही. एकीनं माझी पाठ चोळत सांगितलं, पहिल्या दिवशी असंच होतं. मी मान हलवली. आज पुन्हा गेले. नऊपर्यंतच मोजता आलं.

घरी आले तर बाबांनी टेबल रिकामं केलं होतं. आम्ही किती महिन्यांनी समोरासमोर बसून जेवलो. जेवताना ते म्हणाले, "विनू, श्रीलंका चांगली आहे. जान्हवीला तसं कळव." मी म्हटलं, "आणि मी?" त्यावर त्यांनी मला आणखी भात वाढला. संध्याकाळी सहाला कडी लावायला उठले, दारापर्यंत गेले, माझ्याकडे पाहिलं आणि तसेच परत फिरले. दार उघडंच होतं. मी उठून बाहेर गेले नाही. कुठे जायचं होतं? शेवटी मीच कडी लावली.

तेव्हा माझं काम आज पुरं करते. त्रिंकोमाली घे. पावसाळ्यात अंदमान बंद असतं तेव्हा तिथला समुद्र उघडा असतो, चेन्नईहून कोलंबो जवळ आहे, आणि समुद्राला घाबरणाऱ्या माणसांना हात धरून नेणारं तिथे तू म्हणतेस तसं कुणी नाही. भाडं डॉलरमध्ये असू दे. पंधरा तारखेच्या आत सही कर, पण एकटीची. करारातलं माझं नाव मी पेन्सिलीनं खोडलंय, तू पेननं खोड. मी माणसांना पाण्याखाली नेऊ शकत नाही, आणि कधी नेऊ शकेन हे मला माहीत नाही. रोज सकाळी हेदुआला जाईन. एवढंच सांगू शकते.

मला फोन करू नकोस. लिही. आणि लिहिताना 'काही हरकत नाही' असं लिहू नकोस, जान्हवी. सहा महिने मी तुला ताटकळत ठेवलं, एका बाईला समुद्राच्या तळाशी सोडून आले. हरकत घे.

तुझ्या उत्तराला पात्र नसलेली, तरी वाट पाहणारी,
विनीता