सशाला ओव्याची धुरी

सोलापूर,
सोमवार दुपार

चि. अभिमन्यूस अक्काचे आशीर्वाद.

तुझी तब्येत उत्तम असणार, कारण परवा फोनवर तू माझ्यावर ओरडलास तो आवाज चांगला दणदणीत होता. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग. तुझ्या सासूबाई मथुराबाई यांना मोतीबिंदू काढल्यापासून स्वच्छ दिसत असेल अशी आशा करते, म्हणजे निदान इथून पुढे तरी त्यांना तान्हं बाळ आणि ससा यांतला फरक कळेल. इकडे मी ठीक आहे. अवघड विषय निघाला की तुमच्या केम गावात नेमकी रेंज जाते, म्हणून हे पत्र लिहून तुमच्या बाजूला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. (सगळी नोकरी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली. मी निवृत्त झाले तरी कंडक्टर लोक अजून मला वचकून असतात. सख्खा भाऊ तेवढा नसतो.)

तर, एका सशापायी आत्या सृष्टीच्या साखरपुड्याला येत नाही हे पाहुण्यांना कसं सांगायचं, असं तू विचारलंस. सशापायी येत नाही असं मी म्हटलेलंच नाही. माझे गुडघे दुखतात, मला प्रवास सोसत नाही, आणि तुझ्या मांडवातल्या त्या लाउडस्पीकरपुढे बसण्यापेक्षा मी घरात बसून भिंत बघेन. सशाचं मी सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि तू तेवढंच ऐकलंस. मला त्या प्राण्याचं काडीचं प्रेम नाही. तो माझा नाहीच मुळी. तुझी सृष्टी इथे माझ्याकडे राहून कॉलेज करत होती तेव्हा तिने तो बुटाच्या खोक्यात घालून आणला, पुढे नोकरीला पुण्याला गेली, तिथल्या घरमालकाला जनावर चालेना, म्हणून "आत्या, थोडे दिवस गं" म्हणून माझ्याकडे ठेवून गेली. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. रंगाने पांढराशुभ्र आणि नाव ठेवलंय ब्राउनी. मी त्याला म्हातारा म्हणते. सशाच्या हिशेबाने तो माझ्यापेक्षा वडील आहे आणि मानही तेवढाच मागतो. राखण करत नाही, दूध देत नाही, हाक मारली तर येत नाही. चार्जरच्या वायरी खातो. असा पाहुणा तुझ्याकडे असता तर तू आठवड्यात स्टेशनवर सोडून आला असतास.

दिवाळीनंतर म्हातारा शिंकायला लागला. मी म्हटलं पडसं असेल, फटाक्यांच्या धुराने होतं. पण नाक वाहायचं थांबेना, पुढच्या पायांनी पुसून पुसून पायांचे केस चिकट झाले, आणि श्वास घेताना आतून बिघडलेल्या मिक्सरसारखा आवाज यायला लागला. तेव्हा जनावरांच्या डॉक्टर समराबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ससा श्वास फक्त नाकाने घेतो, तोंडाने घेणं त्याला जमत नाही, आणि याची फुप्फुसं आता जुनी झाली आहेत. (नाक चोंदल्यावर तोंड उघडायचंही ज्याला जमत नाही त्याला एवढे मोठे कान देऊन देवाने काय साधलं, हे मला समजलेलं नाही.) औषध दिलं, वाफेचं मशीन दिलं, आणि धूर, धूळ, वास यांतलं काही घरात नको म्हणून बजावलं. तेव्हापासून माझ्या घरात फोडणी बंद आहे. मी उकडलेलं वरण वरून कच्चं तेल घालून खाते. शेंगाचटणी कुटणं बंद, कारण तिखट उडतं. देवाची उदबत्ती बंद, त्याबद्दल देवाने अजून तक्रार केलेली नाही. शेजारच्या गंगम्माच्या मागावरून टॉवेलच्या कापसाचे तंतू उडून येतात, म्हणून त्या बाजूची खिडकी बंद. म्हाताऱ्याची अशी सगळी बडदास्त ठेवून मी स्वतः बेचव खात बसले आहे, आणि तरी तू म्हणतोस की अक्काने लाड करून ठेवलेत.

अशा या घरात तुझ्या सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिल्या. बाई मनाने चांगल्या, त्याबद्दल वाद नाही. वैरागात त्यांच्या हातून किती बाळंतिणी न्हाऊन निघाल्या हे मला त्यांनी रोज सांगितलं. मी मंडईत मेथी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी माळ्यावरची शेगडी काढली, निखारे केले, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली आणि म्हाताऱ्याला फडक्यात गुंडाळून धुरावर धरला. मी दारात पोचले तर घरात धूर कोंदलेला, आणि त्यात बाई एका उघड्या डोळ्याने आणि एका पट्टी बांधलेल्या डोळ्याने त्याच्याकडे मायेने बघत बसलेल्या. "पोरगं घुरघुरत असलं की आमी असंच करताव," त्या मला म्हणाल्या. "हितं डाक्टरला इचारायचं काय काम हाय? धुरी दिली की लगीच मोकळं हुतंय." म्हाताऱ्याने मान वर ताणली होती आणि तोंड उघडं टाकलं होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, सशाला तोंडाने श्वास घेणं जमत नाही. तो घेत होता. मी मेथी तिथेच टाकली आणि रिक्षा केली. गुडघे त्या वेळी दुखले नाहीत, हे तू म्हणायच्या आधी मीच सांगून टाकते.

डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावून वाचवला आणि मला असं बोलल्या की खिडकीत बसून मीही कुणाला बोलले नसेन. ते मी ऐकून घेतलं. शेगडी पेटवणारीच्या घरचं नाव तिथे घेतलं नाही, एवढी लाज मी तुमची राखली. घरी आले, म्हाताऱ्याला ठेवलं, डोळा लागला, आणि ठसक्याने जागी झाले. तुझ्या सासूबाईंनी धुरी लागू पडली नाही याचा अर्थ दृष्ट लागली आहे असा काढला होता, आणि मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या त्याच्यावरून ओवाळून त्याच निखाऱ्यांवर टाकल्या होत्या. मी खोकले, त्या खोकल्या, गंगम्मा आपल्या दारात खोकली. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच, असा निकाल त्यांनी दिला आणि शांतपणे चहा मागितला. म्हाताऱ्याला मी तोवर ओल्या टॉवेलखाली धरून गच्चीत नेलं होतं. या प्रसंगाचं केममध्ये तू "सासूबाईंनी सेवा केली आणि अक्काने त्यांना बसमध्ये बसवून दिलं" असं सांगतोस म्हणे. बसवून दिलं हे खरं आहे. खिडकीची सीट दिली होती.

आता तुझे सल्ले. टोपलीत घालून साखरपुड्याला आण म्हणालास. म्हणजे धुळीच्या रस्त्याने आणून बँजो, अत्तर आणि तुझ्या मित्रांच्या सिगारेटी यांच्या मधोमध ठेवू? रानात मोकळा सोडू, हवा लागली की बरा होईल, म्हणालास. तुझ्या रानातली कुत्री त्याला बरा करतील यात शंका नाही. आणि शेवटी म्हणालास, मेला तर दुसरा आणू, पांढरे पुष्कळ मिळतात. अभिमन्यू, तुझ्या बोलण्याचं मला वाईट वाटलं. एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

माझ्या हातून औषध घेताना तो दर वेळी माझ्या बोटाला चावतो आणि मग त्याच बोटावर हनुवटी टेकून बसतो. चारा धुवून देते, पालेभाजी ओली करून देते, मशीनची वाफ देताना खोक्याशेजारी बसून पेपर वाचून दाखवते. त्याला राजकारणात रस नाही, हवामान ऐकतो. खात नसला की पिचकारीने पेज भरवावी लागते, नाहीतर आतडं बंद पडतं. हे करायला इथे दुसरं कुणी नाही, म्हणून मी येत नाही. काय वाट्टेल ते पाहुण्यांना सांग.

सर्वांना यथायोग्य. रागावून लिहिलं आहे, शांतपणे वाच.

तुझी अक्का,
वैजयंती

ता. क. तुझ्या सासूबाईंचे डोळ्याचे थेंब इथेच राहिले आहेत, ते याच कंडक्टरबरोबर पाठवते. थेंब डोळ्यातच घालायचे आहेत, निखाऱ्यावर नाही.

ता. क. पाहुण्यांना सशाचं सांगू नकोस. आत्या विक्षिप्त आहे असं सांग, त्यांना लगेच पटेल.

ता. क. आणखी एक. सृष्टी रोज फोनवर म्हाताऱ्याचं विचारते आणि मी रोज ठणठणीत आहे म्हणून सांगते, कारण साखरपुड्याआधी पोरीला रडवू नकोस असं तूच म्हणालास. फोन स्पीकरवर असतो. तिचा आवाज आला की म्हातारा खोक्याच्या कडेशी येऊन कान उभे करतो, आणि फोन ठेवला तरी बराच वेळ तिथून हलत नाही. काल डॉक्टरांनी औषध बदललं नाही, नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी कच्चं लिहिताना तिला साडी पसंत करायच्या निमित्ताने पाठव असं लिहिलं होतं, ते खोडलं. खरं काय ते सांगून तिला पाठव, उद्याच. साखरपुड्याची तारीख चार दिवस पुढे गेली तर मुलगा थांबेल. म्हाताऱ्याचं मी सांगू शकत नाही.